इंजिन बांधून झालं, पण गरम झालं की ऑइलचा दिवा लुकलुकतो

लक्षणं बहुतेक वेळा अशी असतात. थंड इंजिन चालू केलं की ऑइलचा लाल दिवा लगेच विझतो, गेज असेल तर काटा ऐटीत वर जातो आणि बांधणारा खूश होतो. मग वीसेक मिनिटं चालवल्यावर, रेडिएटरचा पंखा एकदोनदा लागून गेल्यावर, आयडलिंगला दिवा लुकलुकायला लागतो. जरा रेस दिली की विझतो, पाय काढला की परत हजर. कधी सोबत वरून टॅपेटची टिकटिक येते. बाकी तक्रार काही नाही. इंजिन ओढायला चांगलं, धूर नाही, ऑइल पीत नाही.

हाताशी असलेलं सुटं इंजिन कमी पैशात बांधणाऱ्यांकडून ही तक्रार इतक्यांदा आली आहे की पुढचा प्रश्न मला आधीच ठाऊक असतो: "नवा ऑइल पंप टाकू का?" नका टाकू. निदान आज तरी नका. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे बेअरिंगच्या बारीक फटींनी त्या ऑइलला अडवलं की प्रेशर तयार होतं. फटी मोठ्या असल्या, किंवा वाटेत एखादं भोक उघडं राहिलं, तर कोराकरकरीत पंपही काही करू शकत नाही. माझ्यापर्यंत आलेल्या इंजिनांत दोष पंपाच्या पुढे किंवा मागे निघण्याचं प्रमाण पंपातल्या दोषापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून आधी मोजायचं, मग खोलायचं, आणि विकत घ्यायचं ते सगळ्यात शेवटी.

मोजण्याआधी दिव्याचं वागणं नीट बघा, कारण प्रत्येक दोषाची चाल वेगळी असते.

फक्त गरम आयडलिंगला प्रेशर पडतं आणि रेसला सावरतं: फटी मोठ्या आहेत किंवा ऑइल पातळ आहे.

थंड असो की गरम, आयडलिंग असो की रेस, प्रेशर कमीच: रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) अडकलाय, गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा) प्लग राहून गेलाय, किंवा पंप हवा ओढतोय.

रात्रभर उभ्या इंजिनाचा दिवा सकाळी विझायला पाच-सात सेकंद घेतो, मग सगळं ठीक: फिल्टरमधलं ऑइल परत खाली उतरतंय, किंवा सक्शन नळीच्या जोडातून हवा शिरतेय.

वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावरच दिवा लागतो: ऑइलची पातळी किंवा स्ट्रेनरची (ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरच्या जाळीची) जागा बघा.

पहिल्यांदा चालू करताना प्रेशर आलंच नाही, तर लगेच बंद करा. पंप कोरडा आहे किंवा त्याचा ड्राइव्ह बसलेला नाही. "येईल हळूहळू" म्हणून चालू ठेवलेल्या इंजिनाची नवी बेअरिंगं अशानेच जातात.

दिवा खरं बोलतोय का?

दिव्याला फक्त हो किंवा नाही एवढंच सांगता येतं. त्यामागचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास बदलतो, म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर खरंच तळाला गेलेलं असतं किंवा स्विचच खराब असतो. सुट्या इंजिनावर तर वर्षानुवर्षं पडून राहिलेला स्विच तसाच बसवलेला असतो. काटा दाखवणारा मेकॅनिकल गेज कुणाकडून तरी आणा, स्विच काढा आणि त्या जागी लावा. या कामाला खर्च जवळजवळ नाही, आणि पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.

यात दोन ठिकाणी जपा. स्विचचे आटे काही इंजिनांत १/८ बीएसपी टेपर असतात, काहींत १/८ एनपीटी, काहींत एम१०. एकात दुसरा एक-दोन फेरे गोडीने जातो आणि मग जोर केला की अ‍ॅल्युमिनियमची बॉडी तडकते. हाताने तीन-चार फेरे सहज गेले नाहीत तर अ‍ॅडॉप्टर बदला. आणि गेजची नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवा. प्रेशरखालचं गरम ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं तर पेट घेतं.

आकडे ऑइल तापल्यावरच घ्या. पाणी लवकर तापतं, ऑइलला जास्त वेळ लागतो, त्यामुळे तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. चार आकडे कागदावर लिहा: थंड आयडलिंग, गरम आयडलिंग, गरम मिनिटाला २००० फेरे, गरम ३००० फेरे. जुना ठोकताळा असा की दर १००० फेऱ्यांना सुमारे ०.७ बार, म्हणजे १० पीएसआय. पण तो ठोकताळाच आहे. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये गरम आयडलिंगला त्याहून कमी चालतं असं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका. आयडलिंगचे फेरेही बघा. ८५० च्या जागी इंजिन ६०० वर कुथत असेल तर पंप तेवढाच हळू फिरतोय. आयडलिंग बरोबर लावल्यावर दिवा गायब झालेली इंजिनं मी पाहिली आहेत.

आता ऑइल

पातळी बघितली असं सगळेच सांगतात. पण सुट्या इंजिनात एक वेगळी गोम असते. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, एका मॉडेलचं, डिपस्टिक दुसऱ्याची, तिची नळी तिसऱ्याची. असं जमवलेलं इंजिन असेल तर डिपस्टिकवरच्या खुणेला अर्थ नाही. ऑइल पूर्ण काढा, फिल्टरसकट जितकं लागतं असं मॅन्युअल सांगतं तितकं मापून ओता, इंजिन फिरवून थोडा वेळ थांबा आणि डिपस्टिकवर स्वतःची खूण करा. पातळी कमी असेल तर वळणावर स्ट्रेनर उघडा पडून हवा ओढतो. गरजेपेक्षा जास्त असेल तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाला प्रेशर धरता येत नाही.

मग डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढत असेल तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं होतं. अशा वेळी आधी इंधनाचा दोष काढा, ऑइल बदला आणि मगच पुन्हा मोजा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे येतील. ऑइल कॉफीत दूध घातल्यासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. तो हेड पॅकिंगचा वेगळा विषय झाला, पण इंजिन चालवणं तिथेच थांबवा.

ग्रेडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सल्ले इथेच सगळ्यात जास्त मिळतात. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. फटीतून होणारी गळती ऑइलच्या जाडपणाच्या उलट प्रमाणात असते. म्हणून "२०डब्ल्यू-५० टाक, दिवा जाईल" हा सल्ला खोटा नाही. दिवा जातो. पण फट तेवढीच राहते. शिवाय थंडीत चालू करताना जाड ऑइल वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं, आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग किंवा हायड्रॉलिक टॅपेट असलेलं इंजिन कुरकुर करतं. जाड ऑइल चाचणीपुरतं वापरा. ३० वरून ४० वर गेल्याने प्रेशर मॅन्युअलच्या मर्यादेत आलं आणि मॅन्युअल ४० ला परवानगी देत असेल, तर प्रश्नच संपला, तसंच चालवा. ५० घालूनही काटा तळाशीच असेल तर ऑइलचा नाद सोडा. ज्या जुन्या इंजिनाला कंपनीनेच २०डब्ल्यू-५० सांगितलंय त्याची गोष्ट अर्थात वेगळी.

फिल्टर कापून बघा

नवा फिल्टर लावाच, पण जुना फेकू नका. नव्याने बांधलेल्या इंजिनाचा पहिला फिल्टर म्हणजे आत काय चाललंय याचा अहवाल असतो. हॅकसॉने कापलात तर ब्लेडचा कीस आत पडून गोंधळ होईल, म्हणून फिल्टर कटरने किंवा जड कात्रीने वरचा पत्रा काढा. कागदाच्या घड्या सुट्या करा, पिळा आणि उजेडात धरून हलवा.

राखाडी, लोण्यासारखा बारीक गाळ नव्या रिंगा बसतानाचा असतो, थोडा चालतो. चुंबकाला चिकटणारे कण लोखंड-पोलादाचे. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे किंवा पिस्टनचे असतात. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. त्यापुढे इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही, सरळ चेंबर उतरवायचं. आणि निळ्या-काळ्या रबरी धाग्यांचे तुकडे सापडले तर तो तुमचाच सिलिकॉन सीलंट. बाहेर जेवढा ओघळ दिसतो तेवढाच आतही गेलेला असतो, आणि तो स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतो.

झाकण काढून वर बघा

ओव्हरहेड व्हॉल्व्हचं रॉकर शाफ्ट असलेलं इंजिन असेल तर रॉकर कव्हर काढून आयडलिंगला बघणं सोपं आहे. थोडं उडेल, कापड धरा. प्रत्येक रॉकरमधून ऑइल पाझरलं पाहिजे. एखाद्यातून धार लागली असेल किंवा शाफ्टच्या टोकातून भसाभस वाहत असेल तर गळतीचं एक ठिकाण मिळालं. शाफ्टच्या टोकांना प्लग असतात. धुताना ते काढतात आणि परत बसवायचे राहतात. बुश झिजलेले असतील तर बुश आणि शाफ्ट बदलणं हे क्रँकच्या कामापुढे किरकोळ आहे.

ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात कॅमची जर्नल्स (फिरणारे गुळगुळीत गोल भाग) बहुधा थेट अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्येच फिरतात, तिथे बेअरिंग नसतंच. ती झिजली असतील तर हेड बदलणं किंवा मशीन शॉपचं काम. घरी इलाज नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह

पुष्कळ इंजिनांत हा बाहेरून एका मोठ्या बोल्टखाली मिळतो, काहींत पंपाच्या पोटात असतो. आत एक प्लंजर आणि मागे स्प्रिंग. थंड ऑइलचं प्रेशर फार वाढलं की प्लंजर मागे सरकतो आणि जास्तीचं ऑइल परत सोडतो. नव्याने बांधलेल्या इंजिनात होनिंगचा (सिलिंडर आतून घासताना निघालेला) खडा किंवा धातूचा कीस त्याच्या कडेला अडकतो आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहतो. मग सगळ्या फेऱ्यांना प्रेशर कमी.

प्लंजर काढा, धुवा, बोटावर फिरवून ओरखडे बघा. ऑइल लावून परत घातला की तो स्वतःच्या वजनाने घसरत आत गेला पाहिजे. बारीक ओरखडे १००० नंबरच्या पेपरने ऑइलमध्ये घासून जातात. खोल असतील तर प्लंजर बदला.

स्प्रिंग ताणायची किंवा मागे वॉशर घालायचा, हा उद्योग जुना आहे आणि आपल्या दोषावर निरुपयोगी आहे. गरम आयडलिंगला प्रेशर इतकं कमी असतं की चांगला व्हॉल्व्ह तेव्हा बंदच असतो. स्प्रिंग कडक केल्याने फक्त थंड इंजिनाचं वरचं प्रेशर वाढेल आणि फिल्टरची सील फुटेल.

चेंबर उतरवण्याच्या आधीची एक युक्ती

सक्शन नळी पंपाला जिथे जोडते तिथे ओ-रिंग किंवा पॅकिंग असतं. ते चिमटलं गेलं, चुकीच्या जाडीचं बसलं किंवा जुनंच वापरलं तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेच्या इंजिनांत ही ओ-रिंग या दुखण्यासाठी प्रसिद्धच आहे. ओळखायचं असं: ऑइल एक लिटरभर जास्त घाला, म्हणजे जोड ऑइलखाली बुडेल, आणि आयडलिंगलाच दोन-तीन मिनिटं गेज बघा. प्रेशर एकदम सुधारलं तर हवा तिथूनच शिरतेय. जास्तीचं ऑइल लगेच काढून टाका, या अवस्थेत रेस देऊ नका. जोड उंचावर असेल तर ही युक्ती लागू पडत नाही, पण पडली तर अर्ध्या दिवसाचं काम वाचवते.

चेंबर खाली आलं की

आधी चेंबरचा तळ बघा. तिथला गाळ बोटांत चोळा, चुंबक फिरवा. मग स्ट्रेनरची जाळी. मग ओ-रिंग, ती तर काही झालं तरी नवीच घाला. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

चेंबर दुसऱ्या मॉडेलचं असेल तर स्ट्रेनर आणि तळ यांतलं अंतर मोजायला विसरू नका. स्ट्रेनरच्या खाली मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवा, पॅकिंगसह चेंबर जागेवर दाबा, परत काढा आणि चपटा झालेला गोळा मोजा. अमेरिकन व्ही-८ इंजिनांना पाव ते तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साधारण ६ ते ९.५ मिमी हे अंतर धरतात, आणि इतरांनाही त्याच्या जवळपासचं मॅन्युअलमध्ये सापडतं. जाळी तळाला टेकली तर ऑइलची वाट बंद होते, फार वर राहिली तर ब्रेक मारल्यावर ती उघडी पडते.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. इंजिन सुटं आहे, स्टँडवर आहे, हा तुमचा मोठा फायदा, गाडीत बसवलेल्या इंजिनावर हे इतक्या आरामात करता येत नाही. हवा भरायची सोय असलेला फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन वाळवा, त्यात इंजिन ऑइल भरा आणि त्याची नळी प्रेशर स्विचच्या भोकाला जोडा. टाकीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आतच, दीड-दोन बार हवा भरा. चेंबर उघडं, खाली ट्रे, हातात टॉर्च. काही क्षणांत मेन बेअरिंगच्या (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) कडांतून थेंब पडायला लागतात, मग बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बाजूंनी. चांगल्या बेअरिंगमधून थेंब सुटे सुटे पडतात. सगळ्यांतून सारखे पडत असतील तर समाधान माना. चार ठिकाणी टपटप आणि पाचव्या ठिकाणी सलग धार असेल तर त्या बेअरिंगवर खडूने खूण करा. क्रँक हळू फिरवत बघा, कारण जर्नलचं भोक शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याच्या) भोकासमोर आलं की तात्पुरती धार लागते, ती दोष नव्हे.

याच वेळी टायमिंग कव्हर काढलेलं असेल तर तिकडेही टॉर्च मारा. गॅलरीच्या टोकांना प्लग असतात. मशीन शॉपमध्ये ब्लॉक धुताना ते काढतात, आणि ब्लॉक परत येतो तेव्हा एखादा पिशवीतच राहतो. कव्हरच्या आत राहिलेला प्लग बाहेरून कधीच दिसत नाही, ऑइल आतल्या आत चेंबरमध्ये परत जातं आणि तुम्ही पंपाला शिव्या घालत बसता. पिस्टनखाली ऑइल उडवणारे जेट असतील तर तेही मोजा. एखादं तुटलं किंवा घालायचंच राहिलं तर तिथे उघडं भोक आहे.

ड्रिलने पंप फिरवून प्रेशर आलं म्हणून निश्चिंत झालेले बरेच भेटतात. ती चाचणी पंपात ऑइल भरायला उत्तम, निदानाला नाही. थंड ऑइल गरम ऑइलपेक्षा कितीतरी पट जाड असतं, थंडीत ढिल्या इंजिनालाही प्रेशर येतं.

पंप, आता

पंप खोला आणि फिलर गेज घ्या. गिअर किंवा रोटरवर सरळ पट्टी आडवी धरून वरची फट मोजा. ही पुष्कळ पंपांत ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असावी लागते, नेमका आकडा मॅन्युअलचा. पंपाची ताकद या फटीवर सगळ्यात जास्त अवलंबून असते. झाकणावर गिअरने पाडलेली गोल खाच दिसली तर जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, ऑइल लावून, झाकण आठच्या आकड्यात घासा. खाच गेली, पृष्ठभाग सगळीकडे सारखा राखाडी झाला की स्वच्छ धुवा. पेपरच्या एका तुकड्यात पंप परत कामाला लागतो.

मूळ झाकणाला पॅकिंग नसेल तर तुम्हीही घालू नका, आणि असेल तर जाड कागदाचं घरी कापू नका. पॅकिंगची जाडी तेवढीच फट वाढवते. बॉडीत खोल ओरखडे असतील किंवा बाहेरचा रोटर बॉडीत मर्यादेपेक्षा जास्त हलत असेल, तरच नवा पंप घ्या. बसवताना गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत सक्शन धरेल आणि मग ती ऑइलमध्ये विरघळेल. ग्रीस भरू नका, ते फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

बेअरिंगची फट

इथे गणित समजून घेतलं तर पुढचा खर्च वाचतो. बेअरिंगच्या फटीतून जाणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०४ मिमीची फट ०.०६ झाली, म्हणजे नुसती दीडपट, तर गळती सव्वातीन पटीहून जास्त. ०.०८ झाली तर आठपट. म्हणून "थोडंसंच ढिलं आहे" हे वाक्य बेअरिंगच्या बाबतीत चालत नाही. जर्नलच्या व्यासाच्या एक हजारांश इतकी फट, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमी, हा जुना ठोकताळा. आधुनिक इंजिनांत आकडे याहून कमी असतात.

मोजायला महागडं बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेज, म्हणजे दाबली की चपटी होणारी मऊ बारीक तार, पुरतं. हिरवी तार ०.०२५ ते ०.०७५ मिमीपर्यंत मोजते, आपल्याला तीच हवी. इंजिन स्टँडवर उलटं करा, म्हणजे क्रँकचं वजन ब्लॉकच्या बाजूला राहील आणि सगळी फट कॅपच्या (बेअरिंगचा दुसरा अर्धा आवळून धरणाऱ्या तुकड्याच्या) बाजूला येईल. जर्नल आणि शेल कोरडे पुसा, कारण ही तार ऑइलमध्ये विरघळते. तुकडा जर्नलच्या लांबीत ठेवा, कॅप लावा, पूर्ण टॉर्कवर आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका, कॅप काढा आणि चपट्या झालेल्या तारेची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी लावून बघा. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळता झालाय. एकदाच वापरायचे ताणले जाणारे बोल्ट असतील तर मोजणी जुन्या बोल्टवर करा आणि नवे शेवटच्या जोडणीला ठेवा.

बजेट बांधणीत फट मोठी येण्याची कारणं ठरलेली आहेत. जर्नल झिजलेला आणि शेल स्टँडर्ड मापाचे, हे पहिलं. नवा शेल म्हणजे नवी फट नव्हे, झीज दोघांचीही होते. क्रँक आधी कधीतरी ग्राइंड झालेला आणि कुणालाच माहीत नाही, हे दुसरं. शेलच्या पाठीवरचे आकडे वाचा: ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा इंचात ०१०, ०२०, ०३०. मेनचे एका मापाचे आणि बिग एंडचे दुसऱ्या मापाचे असू शकतात. तिसरं, क्रँक "चमकवण्यासाठी" हाताने एमरी पट्टी मारलेली. चमक येते, गोलाई जाते.

आणि कॅप घासून किंवा शेलमागे पत्र्याची पट्टी, कागद घालून फट कमी करायचा जुना जुगाड कुणी सुचवला तर हात जोडा. शेलची पाठ घराला पूर्ण टेकली तरच उष्णता बाहेर जाते, आणि घासलेल्या कॅपचं भोक अंडाकृती होतं.

एक उलटा प्रकारही आहे. गेज झकास आणि एक बेअरिंग जळालेलं. मेन बेअरिंगच्या दोन अर्ध्यांपैकी ऑइलचं भोक असलेला शेल ब्लॉकच्या बाजूला हवा. अदलाबदल झाली की गॅलरीचं भोक बंद होतं, ऑइल अडतं, गेजवर प्रेशर छान दिसतं आणि ते बेअरिंग, त्याच्यावर अवलंबून असलेल्या बिग एंडसह, कोरडं फिरतं. म्हणून कॅप लावण्याआधी प्रत्येक भोकातून बारीक तार घालून बघा.

कुठे थांबायचं

आयडलिंगपेक्षा भार आल्यावर वाढणारी खोल ठकठक ऐकू आली आणि एका सिलिंडरचा स्पार्क तोडल्यावर ती दबली, तर तो बिग एंड आहे. बंद करा, "घरापर्यंत नेतो" नको. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की दुरुस्तीचा खर्च वाचवण्यासारखं काही उरत नाही.

जर्नलवर नख फिरवा. नख अडकलं तर पेपरने घासू नका, क्रँक ग्राइंडिंगलाच न्या. जर्नल निळसर पडला असेल, फट मर्यादेबाहेर असेल आणि तुमच्याकडे मायक्रोमीटर नसेल, किंवा इंजिन पेट्यांत सुटं मिळालेलं आणि मेन कॅपचे नंबर जुळत नसतील, तर पुढचं काम घरचं नाही. मेन कॅप ब्लॉकबरोबरच बोअर केलेले असतात. जागा बदलली की सगळ्या बेअरिंगची रांग चुकते, ती लाइन बोअरिंगनेच (सगळी भोकं एका रेषेत कापूनच) सरळ होते. सगळे कॅप आवळल्यावर क्रँक हाताने मोकळा फिरत नसेल तर तीच शंका धरा. कॅम बेअरिंग दाबून बसवायचं कामही त्यांनाच द्या, भोकांची जुळवणी चुकली तर ते परत काढताना खराब होतं.

जाताना क्रँक, सगळे कॅप जागेच्या नंबरसकट, काढलेले शेल क्रमाने आणि चार आकड्यांचा तो कागद घेऊन जा. आधी फक्त मोजायला सांगा, ग्राइंड करायचं की पॉलिश पुरेल हे त्या आकड्यांवर ठरू दे. ग्राइंडिंग झालं तर प्रत्येक जर्नलचं माप लिहून घ्या आणि शेल त्यानंतरच मागवा. क्रँक घरी आला की त्याच्या ऑइलच्या वाटांतून ब्रश आणि साबणाचं गरम पाणी फिरवा, हवेने वाळवा, लगेच ऑइल लावा. बोअर होनिंग केलं असेल तर तेही साबणाच्या पाण्यानेच धुवा, रॉकेलने खडा निघत नाही. शेवटी ऑइल लावलेलं पांढरं कापड फिरवा. ते करडं होत असेल तर पुन्हा धुवा, आणि कापड पांढरं निघाल्यावरच कॅपला हात लावा.